विजेचें बिल आणि घरचा हिशेब

घरखर्चाच्या वहींतील बहुतेक रकमा गृहिणीच्या ओळखीच्या असतात. वाण्याकडून तांदूळ किती आला, दूध किती लागलें, भाजीस काय पडलें, हें तिला तोंडपाठ असतें. कारण ती वस्तु डोळ्यांसमोर तोलली जाते, हातीं येते आणि संपलेलीहि दिसते. विजेचें तसें नाहीं. ती तारेंतून येते, काम करते आणि मागें कांहीं खूण न ठेवतां निघून जाते. तिचा पत्ता लागतो तो महिन्याच्या शेवटीं, बिलाचा कागद दारांत येऊन पडतो तेव्हां. एप्रिल-मे महिन्यांत तो कागद हातीं घेतांना पुष्कळ घरांत प्रथम आश्चर्य, मग संशय आणि शेवटीं कुरबुर असा क्रम ठरलेलाच असतो. मीटर वेगानें धांवत असावा, असें एकजण म्हणतो; मुलें दिवे मालवीत नाहींत, असें दुसरा म्हणतो; आणि बहुधा या वादाचा शेवट आजींच्या खोलींतला पंखा बंद होण्यांत होतो. वीज नेमकी कोठें जाते हें ठाऊक नसलें म्हणजे काटकसर अशी भलत्या ठिकाणीं होते आणि बिल होतें तेथेंच राहतें. म्हणून प्रथम हिशेब समजून घ्यावा आणि मग हात आंखडावा, हाच क्रम योग्य होय.

मुंबई शहरास वीज पुरविणारी बीईएसटी ही कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली, आणि टाटांचें खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. त्या काळीं ज्या घरांत वीज आली तेथें तिचें काम दिवा लावण्याचें, आणि संपन्न घरीं फार तर पंखा फिरविण्याचें, एवढेंच होतें. स्नानाचें पाणी तांब्याच्या बंबांत तापे, पिण्याचें पाणी माठांत निवे, धुणें दगडावर होई आणि उन्हाळ्याच्या रात्रीं लोक गच्चीवर निजत. आज शहरी घरांत हीं चारहि कामें विजेकडे गेलीं आहेत. बंबाच्या जागीं गीझर आला, माठाच्या शेजारीं फ्रीज आला, दगडाची जागा धुलाई-यंत्रानें घेतली आणि गच्चीची जागा एसीनें. बिल फुगण्याचें पहिलें कारण हें. दुसरें कारण दराचें. भारतांत तयार होणाऱ्या विजेपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर होते. चंद्रपूर आणि कोराडी येथील मोठीं केंद्रें त्यांतलींच. कोळसा, त्याची वाहतूक, तारा, रोहित्रें आणि वाटेंतील गळती या सर्वांचा खर्च अखेर ग्राहकाच्या दरांत उतरतो. महाराष्ट्रांत हा दर १९९९ सालीं स्थापन झालेला विद्युत् नियामक आयोग ठरवितो. तेव्हां दर गृहस्थाच्या हातीं नाहीं. युनिट मात्र त्याच्या हातीं आहेत.

हें युनिट म्हणजे काय? हजार वॉटांचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट खर्चीं पडतें. शंभर वॉटांचें यंत्र तेंच युनिट दहा तासांत खातें, दहा वॉटांचें शंभर तासांत. प्रत्येक यंत्रावर त्याचे वॉट छापलेले असतात. ते तासांनीं गुणावे आणि हजारांनीं भागावे, कीं युनिटांचा आंकडा मिळतो. एवढें गणित शाळेंतल्या मुलासहि येतें. पण तें मांडून पाहणारीं घरें थोडीं. मांडल्यास मात्र उत्तर असें येतें कीं पुष्कळांच्या समजुती पालट्या पडतात.

एक बादली ऊन पाण्याचें उदाहरण घ्यावें. वीस लिटर पाणी वीस अंशांनीं तापविण्यास लागणारी उष्णता निसर्गनियमानेंच ठरलेली आहे. कोणत्याहि कंपनीचें यंत्र ती कमी करूं शकत नाहीं. ती उष्णता अर्ध्या युनिटाहून किंचित् कमी, म्हणजे सुमारे ०.४६ युनिट भरते. आतां हल्लींचा नऊ वॉटांचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर किती वेळ जळेल? पन्नास तासांहून अधिक, म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. साधा पंचाहत्तर वॉटांचा छताचा पंखा त्याच विजेवर सहा तास फिरेल. चार माणसांच्या घरांत रोज चार बादल्या तापल्या तर महिन्याला पंचावन्न युनिट एवढ्या एकाच कामांत जातात. दिवा मालवला नाहीं म्हणून मुलावर रागावणारा गृहस्थ स्वतः फवाऱ्याखालीं पंधरा मिनिटें उभा राहिला, तर मुलाच्या आठवड्याच्या अपराधाहून त्याची एक अंघोळ महाग पडते.

यावरून घरांतील यंत्रांचे तीन वर्ग पाडतां येतात. पहिला वर्ग उष्णता आणणाऱ्या किंवा बाहेर काढणाऱ्या यंत्रांचा : गीझर, एसी, इस्त्री, विजेची शेगडी, फ्रीज. बिलाचा मोठा भाग या वर्गांत असतो. दुसरा वर्ग फिरणाऱ्या यंत्रांचा : पंखा, मिक्सर, धुलाई-यंत्र, पाण्याचा पंप. यांचा खर्च मध्यम. पण पंखा तासन्‌तास चालतो म्हणून त्याची बेरीज मोठी होते. तिसरा वर्ग प्रकाश व करमणुकीचा : दिवे, टीव्ही, संगणक, दूरध्वनि. यांचें वजन एकेकाळीं मोठें होतें. आतां तें कमी झालें आहे. जुना साठ वॉटांचा तारेचा दिवा आपल्या विजेचा फारच थोडा अंश प्रकाशांत घालीत असे आणि उरलेल्या सर्वाची उष्णता करीत असे. तितकाच उजेड आज नऊ वॉटांत मिळतो. केंद्र सरकारच्या २०१५ सालीं सुरू झालेल्या 'उजाला' योजनेंत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ज्या घरांत अजून तारेचा दिवा किंवा जाड चोकाची जुनी नळी आहे, तेथें ती बदलणें हें पहिलें काम. पण ज्यांनीं तें केलें आहे त्यांनीं दिव्यांमागें फार न लागतां पहिल्या वर्गाकडे वळावें.

तत्पूर्वीं बिलाचा कागद नीट वाचणें अगत्याचें आहे. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार हा जोडणीचा असतो. महिनाभर घरास कुलूप असलें तरी तो द्यावाच लागतो, आणि तीन फेजांच्या जोडणीस तो एका फेजाहून अधिक असतो. उरलेले आकार युनिटांबरोबर वाढतात किंवा घटतात. त्यांत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पायऱ्यांचा. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठीं महिन्याचीं पहिलीं शंभर युनिट, त्यांपुढें तीनशेंपर्यंत, त्यांपुढें पांचशेंपर्यंत आणि पांचशेंच्या वर अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीचा दर खालच्यापेक्षां बराच चढा असतो. याचा अर्थ असा कीं जें शेवटचें युनिट खर्च होतें तें सर्वांत महाग असतें. आणि जें युनिट वांचतें तेंहि त्याच महागांतलें वांचतें.

निव्वळ उदाहरणासाठीं असें समजूं कीं पहिल्या शंभर युनिटांस पांच रुपये व पुढील पायरीस अकरा रुपये दर आहे. एका घरांत २६० युनिट लागलीं तर वीज आकार २,२६० रुपये होईल. त्या घरानें चाळीस युनिट वांचविलीं, म्हणजे वापर पंधरा टक्क्यांनीं घटविला, तर रुपये वांचतील ४४०, म्हणजे जवळजवळ वीस टक्के. खरे दर ज्यानें त्यानें आपल्या बिलावरून घ्यावे. पद्धति हीच राहील. काटकसर करूनहि फरक पडत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें गणित एकदां अवश्य करून पाहावें. उलट उन्हाळ्यांत एक नवें यंत्र आलें कीं बिल एकदम कां उडी घेतें, याचेंहि उत्तर यांतच आहे : त्या यंत्राचीं सर्व युनिट वरच्या पायरीवर जाऊन बसतात.

आतां एकेका यंत्राकडे वळूं. गीझराच्या बाबतींत तीन गोष्टी लक्ष्यांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं दोन हजार वॉटांचा गीझर पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापविण्यास तेरा-चौदा मिनिटें घेतो. पहांटे बटण दाबून तासभर पेपर वाचीत बसण्याची गरज नाहीं. दुसरी ही कीं तापलेलें पाणी टांकींत नुसतें उभें असलें तरी तें निवत जातें आणि यंत्र तें पुनःपुन्हां तापवितें. म्हणून दिवसभर बटण लावून ठेवणें म्हणजे कोणीहि न वापरलेल्या उष्णतेची किंमत भरणें होय. घरांतील सर्वांनीं पाठोपाठ स्नान केलें तर ही हानि टळते. तिसरी ही कीं आधीं कढत करून मग त्यांत थंड पाणी ओतण्यापेक्षां गीझराची कळ खालच्या अंशावर ठेवणें बरें. बादली व तांब्या यांची जुनी रीत येथें आधुनिक फवाऱ्याला सहज हरविते, कारण बादलीस तळ असतो आणि फवाऱ्यास नसतो. ज्यांच्या गच्चीवर जागा आहे त्यांनीं सूर्यबंबाचा विचार करावा. शंभर लिटरच्या यंत्रास सुमारे दोन चौरस मीटर जागा लागते, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं तेवढें पाणी पंचवीस अंशांनीं तापलें तर जवळजवळ तीन युनिट वांचतात. कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारे एक-तृतीयांशच विजेंत उतरते. ती वीज पुन्हां पाणी तापविण्यांत घालणें हा फेरा सूर्याकडून आयताच टळतो.

एसीचा विषय याहून मोठा. त्याचें माप 'टन' हें बर्फावरून आलेलें आहे : एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जी उष्णता लागते, ती खोलींतून तितक्याच वेळांत बाहेर काढणारें यंत्र तें एक टनाचें. दीड टनाचें यंत्र पूर्ण जोरावर असतां सव्वापांच किलोवॉट उष्णता बाहेर टाकतें, आणि त्यासाठीं त्याला साधारण एक ते दीड किलोवॉट वीज लागते. खोली निवल्यावर जोर कमी होतो. रात्रभर सरासरी आठशें वॉट धरले तरी आठ तासांत साडेसहा युनिट आणि महिन्याला एकशें नव्वद युनिट होतात. एका खोलींतील झोपेसाठीं हा आंकडा लहान नव्हे.

तो कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय बटणांत आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानें तपमान एक अंशानें वर ठेवलें कीं सुमारें सहा टक्के वीज वांचते. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींत आरंभींचें तपमान चोवीस अंश ठेवण्याचा नियम झाला तो याचसाठीं. बावीस अंशांवर ठेवून वर चादर ओढून निजण्याऐवजीं सव्वीस अंशांवर ठेवून मंद पंखा लावला, तर शरीरास तितकेंच बरें वाटतें. कारण वारा अंगावरील घाम सुकवितो आणि माणसास खोलीपेक्षां अधिक गार वाटतें. वरील उदाहरणांत चार अंशांमुळें महिन्याला सुमारे पंचेचाळीस युनिट वांचतात. साध्या पंख्यासाठीं त्यांतील अठरा खर्चीं पडलीं तरी सत्तावीस शिल्लक राहतात. जाळी दर पंधरवड्यास धुणें आणि दाराखालची फट बुजविणें या गोष्टी लहान दिसतात; पण गार हवा विकत घेऊन ती जिन्यांत सोडणें कोणासच परवडणारें नाहीं.

याहून मोठा लाभ उष्णता घरांत येऊंच न देण्यांत आहे. पश्चिमेच्या खिडकीवर तिसऱ्या प्रहरीं पडणारें ऊन कांचेंतून आंत आलें कीं मग आंतला पडदा तें अर्धवटच अडवूं शकतो. ऊन कांचेबाहेर अडविलें पाहिजे. म्हणून बाहेरून लावलेली चटई, बांबूची चीक, छज्जा किंवा वेल आंतल्या जाड पडद्यापेक्षां अधिक उपयोगीं पडते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा शत्रु छत. दिवसभर तापलेला गिलावा रात्रभर खालीं उष्णता सोडतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा पांढऱ्या फरशा बसविल्या, तर ऊन परतून जातें. हें काम गृहरचना संस्थेनें एकत्र मिळून केल्यास खर्चहि वांटला जातो.

महाराष्ट्राची हवा मात्र एक नाहीं, हें विसरतां कामा नये. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यांत हवा कोरडी असते. तेथें वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा कूलर हे उत्तम उपाय आहेत, कारण एक लिटर पाणी वाळतांना सुमारें दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषून घेतें आणि कूलरला लागणारी वीज एसीच्या मानानें फारच थोडी असते. परंतु तोच कूलर मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेंत लावला तर पाणी वाळत नाहीं, हवा आणखी ओली होते आणि जीव गुदमरतो. तेथें वारा खेळता ठेवणें, समोरासमोरच्या खिडक्या उघडणें आणि पंखा हेंच खरें साधन. पुण्याकडे रात्री गार होतात. तेथें सायंकाळीं खिडक्या उघडून रात्रीची हवा घरांत भरून घ्यावी, आणि सकाळीं नऊच्या सुमारास त्या बंद करून पडदे ओढावे. हा दिनक्रम पाळणाऱ्या घरास एसीची गरज मोजक्याच दिवशीं पडते.

पंख्याविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साधा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा तितकाच वारा तीस वॉटांच्या आसपास देतो. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागें महिन्याला सोळा युनिट वांचतात. शेवटच्या पायरीचा दर दहा रुपये आणि पंख्याची किंमत तीन हजार धरली, तर चालत्या महिन्यांच्या हिशेबानें दीड वर्षांत किंमत फिटते. सर्व पंखे एकदम बदलण्याची आवश्यकता नाहीं. जो सर्वांत अधिक वेळ फिरतो तो आधीं बदलावा. वेग कमी करणारें जुनें पेटीसारखें रेग्युलेटर असेल, तर तें उरलेली वीज आपल्या पोटांत जाळून टाकतें. तें काढून इलेक्ट्रॉनिक बसविणें हा थोड्या पैशांचा चांगला उपाय होय.

फ्रीजचें वैशिष्ट्य हें कीं तो कधीं बंद होत नाहीं. म्हणून त्याच्या खरेदींत दोन हजार रुपये वांचविणारा पुढें दहा वर्षें त्यांची भरपाई करीत बसतो. त्यावरील ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाचीं युनिट छापलेलीं असतात. तारे मोजण्यापेक्षां तो आंकडा वाचावा, आणि पट्टीवरील वर्षहि पाहावें, कारण ताऱ्यांच्या कसोट्या वेळोवेळीं कडक होत जातात. घरीं आलेला फ्रीज भिंतीपासून वीतभर दूर, शेगडी व ऊन यांपासून लांब ठेवावा. ऊन ऊन भात-आमटी आंत ठेवूं नये. जुना फ्रीज नव्याच्या जोडीला 'असूं द्या' म्हणून चालू ठेवणें ही पुष्कळ घरांतली मोठी चूक असते.

अखंड चालणाऱ्या यंत्रांसाठीं एक सोपें सूत्र आहे : एक वॉट चोवीस तास चालला तर वर्षाला पावणेनऊ युनिट होतात. टीव्हीची पेटी दूरनियंत्रकानें 'बंद' केली तरी तिच्यासोबतची सेट-टॉप पेटी बहुधा जागीच असते. ती दहा वॉट घेत असेल, तर महिन्याला सात युनिट कोणीहि कांहीं न पाहतां जातात. तें बटण भिंतीवरच बंद केलें पाहिजे. मोबाईलचा रिकामा चार्जर मात्र वॉटाचा एक अंशच घेतो. त्याच्यामागें घरभर फिरून दमण्यांत अर्थ नाहीं.

घरांत अशी चोरटी वीज किती जाते, हें मीटरच सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटास किती ठोके हा आंकडा, उदाहरणार्थ ३२००, मुखपट्टीवर छापलेला असतो. रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सर्व बटणें बंद करावीं, फ्रीजचेंहि कांहीं मिनिटें बंद करावें, आणि त्या दिव्याकडे पाहावें. तो स्थिर राहिला तर ठीक. लुकलुकत राहिला तर एका मिनिटांत किती ठोके पडतात तें मोजावें. ३२०० च्या मीटरवर प्रत्येक ठोक्यास सुमारे एकोणीस वॉट धरावे. विसरलेला इन्व्हर्टर, राउटर, पाण्याचा पंप, क्वचित् शेजाऱ्याकडे गेलेली एखादी जुनी तार, अशीं रहस्यें या पांच मिनिटांच्या प्रयोगांत उघडकीस येतात. कारण सांपडलें नाहीं, तर परवानाधारक तंत्रज्ञास बोलवावें; कोठें तरी वीज जमिनींत गळत असेल, तर तो केवळ पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

स्वयंपाकाचा हिशेबहि ज्यानें त्यानें मांडून पाहावा. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरांत सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. त्यांपैकीं चांगल्या शेगडीवर भांड्यास दोन-तृतीयांशच्या आसपास मिळते. इंडक्शन शेगडी विजेचा सुमारें पंचाऐंशी टक्के भाग भांड्यास देते असें धरलें, तर एका सिलिंडराचें काम करण्यास १३० ते १४० युनिट लागतील. त्या युनिटांस आपल्या शेवटच्या पायरीचा दर लावून सिलिंडराच्या किंमतीशीं ताडून पाहिलें, कीं कोणतें स्वस्त तें आपोआप कळतें. शंभर युनिटांच्या आंत राहणाऱ्या घराचें उत्तर एक, आणि चारशेंवर गेलेल्या घराचें दुसरें येईल. डाळ-कडधान्य भिजत घालणें, झांकण ठेवणें आणि कुकर वापरणें हें मात्र दोहींकडे सारखेंच फायद्याचें आहे.

ज्यांचें स्वतःचें छत आहे त्यांच्यासाठीं सौर विजेचा मार्ग २०२४ सालीं 'पीएम सूर्यघर' योजनेनें अधिक मोकळा झाला. तींत घरगुती छतासाठीं पहिल्या दोन किलोवॉटांस दर किलोवॉटमागें तीस हजार रुपये, आणि तीन किलोवॉट व त्यावर एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये असें साहाय्य ठरविण्यांत आलें. गृहरचना संस्थांच्या सामाईक वापरासाठींहि दर किलोवॉटमागें अठरा हजारांची तरतूद झाली. एका किलोवॉटास साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सांवली नसलेली जागा लागते आणि त्यांतून चांगल्या उन्हांत रोज सुमारे चार युनिट निघतात. पावसाळ्यांत अर्थात् कमी. येथेंहि क्रम महत्त्वाचा आहे. आधीं घरचा वापर घटवावा आणि मग उरलेल्या गरजेपुरतें छत मढवावें; नाहीं तर अपव्ययासाठींच भांडवल गुंतवल्यासारखें होतें.

इतकें करूनहि बिल पटत नसेल तर? प्रथम बिलावरचें वाचन मीटरवरच्या आंकड्याशीं ताडून पाहावें. वाचन न घेतां सरासरीनें बिल आलें असेल, तर तें कागदावरच कळतें. मीटरविषयीं शंका असल्यास लेखी तक्रार करावी आणि पोंच घ्यावी. केंद्राच्या २०२० च्या ग्राहकहक्क-नियमांप्रमाणें तक्रारीनंतर तीस दिवसांत मीटरची तपासणी व्हावयास हवी. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणें मूळ मीटरच्या जोडीला पांच दिवसांत दुसरा पडताळणी-मीटर बसवून किमान तीन महिने दोहोंचा मेळ पाहण्याचीहि सोय आहे. तेथें दाद न लागल्यास विद्युत् कायदा, २००३ अन्वयें स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत् लोकपाल, या पायऱ्या आहेत. मीटर पळतो असें शेजाऱ्यांस सांगत बसण्यापेक्षां एक अर्ज अधिक काम करतो.

हा सगळा हिशेब करण्यास फारसें साहित्य लागत नाहीं. एक वही घ्यावी आणि सात दिवस, रोज ठरलेल्या वेळीं, मीटरचा आंकडा त्यांत टिपावा. ज्या दिवशीं आंकडा अधिक धांवला त्या दिवशीं घरांत काय झालें हें शेजारीं लिहावें : पाहुणे आले, इस्त्री झाली, एसी दुपारींहि चालला. आठवडा संपेतों कोणतें यंत्र किती खातें हें कुटुंबांतील लहान मुलासहि सांगतां येईल. आणि मग कोणास बोलण्याची पाळीहि येत नाहीं.

शेवटीं, काय तोडूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. वैशाखाच्या रात्रीं आजींच्या खोलींतला पंखा आठ तासांत अर्ध्या युनिटाहून थोडें अधिक घेतो. म्हाताऱ्या माणसास व लहान मुलास उष्मा झपाट्यानें बाधतो, आणि त्यांचा घाम सुकविणारा तो वारा ही चैन नव्हे. अभ्यास करणाऱ्या मुलाचा दिवा तर रात्रभर जळला तरी एक बादली ऊन पाण्याच्या चौथाईची बरोबरी करीत नाहीं. घरांत काटकसर आली कीं ती बहुधा दुबळ्यांच्या वांट्यास प्रथम येते, कारण तीं तक्रार करीत नाहींत. आंकडे मात्र निराळेंच सांगतात : खर्च गीझरांत आहे, एसीच्या बटणांत आहे, तापलेल्या छतांत आहे आणि कोणी न पाहिलेल्या पेट्यांत आहे. तेथें हात घातला तर बिल उतरतें आणि आजींचा पंखाहि चालू राहतो.